नऊ ठिपक्यांचा अनुस्वार

ताईचा फोन आला तो गणपतीसाठी. तिच्या लेकीचं लग्न ठरलंय. पत्रिका पुण्यातच छापणार, पण वरचा गणपती बेळगावचा पाहिजे, काकांच्या छपाईच्या दुकानातला. एका हातात मोदक, सोंडेच्या वळणात बारीकशी वेल आणि खाली 'श्री गजानन प्रसन्न' ही हातानं काढलेली अक्षरं. आमच्या शहापूर, वडगाव, खासबाग भागात नव्वदच्या दशकात ज्यांची लग्नं झाली, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या घरी पत्रिकांच्या जुन्या गठ्ठ्यात हा गणपती अजून असेल.

"फाईल असेल ना गं कुठं तरी?" ताईनं विचारलं.

फाईल होती. लोखंडी कपाटाच्या तळाला, चपलांच्या खोक्यात, ४३ फ्लॉप्यांमध्ये कुठं तरी. बेळगावच्या पावसाळ्यांतून तीस वर्षं काढलेल्या फ्लॉप्या त्या. पत्र्याचं झाकण सरकवलं की आतल्या तपकिरी तबकडीवर बुरशीचे पांढरे डाग दिसायचे. यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह मागवला आणि रोज रात्री जेवणं आटोपली की चार-पाच फ्लॉप्या घेऊन बसायचे. ३१ पूर्ण वाचल्या गेल्या, ७ अर्धवट आल्या, ५ मधून काहीच आलं नाही. ड्राइव्हचा करकर आवाज ऐकून काका आतल्या खोलीतून विचारायचे, "लागली काय गं?" लागली म्हटलं की त्यांना बरं वाटायचं.

मी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात ड्रॉइंगच्या फायली सांभाळते. एका प्रकारची फाईल दुसऱ्या प्रकारात करायची हे माझं रोजचं काम. म्हणून मला वाटलं होतं, हे दोन संध्याकाळींचं काम आहे. त्याला चार महिने लागले, आणि पहिला महिना तर मी केलेली चूक निस्तरण्यात गेला.

फायलींची नावं बघूनच पहिल्यांदा गलबलून आलं. त्या काळात नाव आठच अक्षरांचं चालायचं, मग टिंब, मग फाईल कुठल्या प्रकारची ते सांगणारं तीन अक्षरांचं आडनाव. इंग्रजी आठ अक्षरांत मराठी शब्द बसवताना काकांनी स्वरांना कात्री लावली होती. सत्यनारायणाचं 'सत्यनरन', तुळशीविवाहाचं 'तुळसविव'. आणि आडनावं तीन घराण्यांची: पीसीएक्स, टीआयएफ, बीएमपी. आज फोनवर यांतलं पीसीएक्स उघडायला गेलात तर फोन ओळखच दाखवत नाही.

काकांनी १९९३ साली कॉम्प्युटर घेतला. दुकान शहापूरच्या एका गल्लीत. (हे शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं, बेळगाव शहर इंग्रजांकडे, जुनी माणसं अजून 'बेळगावात जाऊन येतो' म्हणतात, चालत दहा मिनिटांवर असलं तरी.) पुढच्या सोप्यात छपाईचं ट्रेडल मशीन, भिंतीला खिळ्यांच्या, म्हणजे छापायच्या धातूच्या अक्षरांच्या केसी, आणि शाई-धुळीपासून लांब राहावा म्हणून कॉम्प्युटर वरच्या लाकडी माडीवर. त्याच्याबरोबर हातानं ओढायचा स्कॅनर आला. साबणाच्या मोठ्या डबीएवढा, खाली रबरी रूळ, आत पिवळसर हिरवा उजेड. चित्रावर ठेवायचा आणि श्वास रोखून सावकाश खाली ओढायचा. जेमतेम चार इंचांचा पट्टा टिपला जायचा.

ते टिपलेलं चित्र म्हणजे काय, हे आमच्या शेजारच्या विणकर मामांना एका वाक्यात कळलं. त्यांच्याकडे पदराची नक्षी चौकटीच्या कागदावर उतरवतात आणि तिच्यावरून मागावरच्या जकार्डची कार्डं भोकं पाडून तयार करतात. भोक आहे किंवा नाही, दोरा वर किंवा खाली. असल्या ठिपक्यांच्या चित्राला बिटमॅप म्हणतात, तो असाच असतो. ठिपका काळा आहे किंवा नाही. संगणकाला त्यात गणपती दिसत नाही, त्याच्याकडे फक्त ओळींमागून ओळी असतात.

हिशेब करून बघितला तर काकांनी काय कसरत केली ते कळतं. इंचाला २०० ठिपके धरले तर चार इंच रुंद आणि सहा इंच उंच चित्राच्या एका आडव्या ओळीत ८०० ठिपके, आणि अशा १२०० ओळी. एकूण ९ लाख ६० हजार ठिपके. नुसतं काळं-पांढरं असेल तर एका ठिपक्याला एक बिट, आठ ठिपक्यांचा एक बाइट, म्हणजे १ लाख २० हजार बाइट. १.४४ एमबीच्या फ्लॉपीत अशी बारा चित्रं मावतात. इंचाला ४०० ठिपके घेतले की फाईल चौपट, मग तीनच मावतात. आणि तेच २०० ठिपक्यांचं चित्र पूर्ण रंगांत घेतलं तर २८ लाख ८० हजार बाइट, म्हणजे एका फ्लॉपीत एकही बसत नाही. त्या वेळी फ्लॉपी स्वस्त नव्हती. म्हणून काकांचं सगळं काम काळं-पांढरं, आणि इंचाला २०० ठिपके.

त्यात पीसीएक्सनं हात दिला. झेडसॉफ्ट नावाच्या अमेरिकी कंपनीच्या पीसी पेंटब्रश या प्रोग्रामाबरोबर हा प्रकार आला. त्याची काटकसर मला फार आवडते. सारखेच बाइट एकापुढे एक आले तर ते सगळे लिहायचे नाहीत. किती वेळा ते लिहायचं आणि मग तो बाइट एकदाच. बाइटाचे वरचे दोन बिट १ असतील तर ती मोजणी समजायची, आणि एका मोजणीत जास्तीत जास्त ६३. आता ८०० ठिपक्यांची कोरी ओळ घ्या. १०० बाइट. ६३ आणि ३७ अशा दोन मोजण्यांत ती फक्त चार बाइटांत लिहून होते. पत्रिकेवर कोरी जागा किती असते! ती सगळी जवळजवळ फुकटात साठायची आणि जागा लागायची ती रेघांना, अक्षरांना.

आता माझी चूक.

पहिल्या रविवारी मी फुकट मिळणाऱ्या एका प्रोग्रामात सगळ्या फायली एकदम घातल्या. तिथं खुणा करायच्या असतात: डाग काढा, तिरकं सरळ करा, कडेची मोकळी जागा छाटा. सगळ्यांवर खूण केली. आणि 'कोणत्या प्रकारात साठवू?' या प्रश्नाला उत्तर दिलं जेपीईजी, कारण तो कुठंही उघडतो. सहाशेच्या वर चित्रं अर्ध्या तासात झाली. पडद्यावर बघितली, स्वच्छ दिसत होती. मोठ्या अक्षरात छापून काकांना दाखवायला नेली.

काका आता ७६ वर्षांचे आहेत. एका डोळ्याला कमी दिसतं, पण भिंग हातात आलं की ते अजून प्रूफच तपासतात. गणपती बघितला, मान हलवली. मग एक जुनी पत्रिका घेतली, खिळ्यांवर जुळवलेली, स्कॅन करून ठेवलेली. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"हे कुठलं गाव गं?"

"बेळगाव की काका."

"आमच्या बेळगांवावर टिंब असतंय. हितलं टिंब कुठं गेलं?"

मी वाकून बघितलं. 'बेळगाव' छापलं होतं. खाली 'आमत्रण'. त्याच्याखाली 'सहकुटुब सहपरिवार'. वधूच्या नावाआधी 'चि सौ का'. 'सायं.' चं नुसतं 'साय' उरलं होतं. 'डाग काढा' या खुणेनं मराठीतले बारीक टायपातले अनुस्वार आणि पूर्णविराम डाग समजून पुसून टाकले होते. इंचाला २०० ठिपके घेतले तर बारीक अक्षरावरचा अनुस्वार किती मोठा असणार? तीन ठिपके रुंद, तीन उंच. नऊ ठिपके. एवढा काळा पुंजका चहूबाजूंनी पांढऱ्यात एकटा सापडला की प्रोग्राम त्याला धूळ समजतो. इंग्रजी मजकुरात त्याला तसा एकटा पुंजका सापडतो तो 'आय'च्या डोक्यावर किंवा वाक्याच्या शेवटी. आमच्याकडे तो ओळीत पाच-सहादा येतो, आणि अर्थ त्याच्यावर लटकलेला असतो.

त्याच पत्रिकेच्या दुसऱ्या बाजूला कन्नड मजकूर होता. आमच्याकडे बऱ्याच पत्रिका अशाच असतात, एक पान मराठी, एक कन्नड; कुणाचे व्याही धारवाडकडचे, कुणाचे चंदगड-गडहिंग्लजचे, आणि शेजारपाजार तर दोन्ही भाषांचा. त्या कन्नड पानावरचे अनुस्वार मात्र जसेच्या तसे होते. कारण कन्नडचा अनुस्वार डोक्यावर बसत नाही. तो अक्षराच्या शेजारी, अक्षराएवढाच, पोकळ गोल असतो. डाग म्हणून तो उचलला जाणं शक्यच नव्हतं. दोन लिप्या एका कागदावर इतकी वर्षं नांदल्या, आणि एका खुणेनं त्यांतल्या एकीच्या डोक्यावरचं तेवढं काढून घेतलं.

काकांनी गाव 'बेळगांव' असंच लिहिलं, कायम. उच्चार न होणारे अनुस्वार मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी गेले. नांव, गांव, कांहीं यांवरची टिंबं गेली. पण तेव्हा आम्ही म्हैसूर राज्यात होतो. १ नोव्हेंबर १९५६ पासून. नियम तिकडं महाराष्ट्रात झाले, आणि इकडचे खिळे जुळवणारे जुळारी जुन्या हातानं जुळवत राहिले. काका जन्मले मुंबई राज्यात, शाळेत गेले म्हैसूर राज्यात, दुकान काढलं तोवर राज्याचं नाव कर्नाटक झालं होतं, आणि २०१४ पासून सरकारी कागदावर गावाचं नाव बेळगावी आहे. इतक्या अदलाबदलीत त्यांनी स्वतःच्या हातानं धरून ठेवलेला तो एक अनुस्वार होता. तो मी पुसला. वेळ लागला अर्धा तास.

जेपीईजीचं दुखणं वेगळंच. तो प्रकार १९९२ साली प्रमाण म्हणून ठरला तो फोटोंसाठी. तो चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनातले बारीक चढउतार अंदाजे लिहितो. चेहऱ्यावर, आभाळावर ते खपून जातं, कारण तिथं रंग हळूहळू बदलतो. काळ्या रेघेशेजारी लगेच कोरा कागद असेल तिथं मात्र अंदाज चुकतो आणि रेघेच्या दोन्ही अंगांना राखाडी धूळ उठते. मोठं करून बघितलं तर गणपतीच्या सोंडेभोवती ती धूळ दिसत होती. डाग काढायला सांगितलेल्या चित्रावर नवे डाग. आणि उलटा प्रवास नाही: त्या जेपीईजीपासून मूळचे ठिपके परत मिळत नाहीत. फ्लॉप्यांवरून उतरवलेल्या मूळ फायली मी दुसऱ्या फोल्डरात ठेवल्या होत्या म्हणून निभावलं. ती सवय कारखान्यानं लावली. तिच्यासाठी मी आजही देवाचे आभार मानते.

मग नव्यानं सुरुवात केली. या वेळी एकच ठरवलं, एकही ठिपका हलवायचा नाही. साफसूफ नाही, सरळ करणं नाही, छाटणं नाही. नवा प्रकार पीएनजी. त्याची कथा इथं थोडक्यात सांगायला हवी. १९८७ साली कॉम्प्युसर्व्ह कंपनीनं जिफ हा चित्राचा प्रकार काढला, तो सगळीकडे पसरला, आणि १९९४ च्या शेवटी कळलं की त्याच्या आतल्या दाबण्याच्या पद्धतीवर युनिसिस कंपनीचं पेटंट आहे, जिफ लिहिणाऱ्या प्रोग्रामांना परवाना लागेल. त्यावर जगभरच्या काही लोकांनी मिळून मालकी नसलेला नवा प्रकार रचला. १९९६ च्या ऑक्टोबरात तो पक्का झाला. पीएनजी चित्र दाबतो, पण काही टाकून देत नाही. एका बिटाचं काळं-पांढरं चित्र त्याला चालतं. शिवाय फायलीच्या प्रत्येक तुकड्यामागं तो तपासणीचा आकडा ठेवतो, पुढं कधी एक बाइट जरी बिघडला तरी कळावं म्हणून. बुरशी लागलेल्या फ्लॉप्या बघितलेल्या माणसाला त्या आकड्याची किंमत कळते.

बदलून झालं की जुनी आणि नवी फाईल इमेजमॅजिक या प्रोग्रामात शेजारी शेजारी ठेवून विचारायचं, किती ठिपके वेगळे आहेत? उत्तर शून्य आलं तरच पुढची फाईल. रोज रात्री हे शून्य बघायची मला सवय लागली. काकाही विचारू लागले, "शून्य आला काय?"

ठिपके तेच राहिले तरी दोन गोष्टी निसटतात, हे मला उशिरा समजलं. एक म्हणजे माप. ८०० ठिपके म्हणजे चार इंच, हे चित्रात नसतं. फायलीच्या सुरुवातीला इंचाला किती ते लिहिलेलं असतं. ते वाटेत हरवलं आणि पुढच्या प्रोग्रामानं इंचाला ७२ धरले, तर चार इंचांचा गणपती अकरा इंचांचा होतो. पीएनजी हे माप मीटरमध्ये लिहितो आणि पूर्णांकातच लिहितो. इंचाला २०० म्हणजे मीटरला ७८७४. उलटं मोजलं तर बरोबर २०० येत नाही, १९९.९९९६ येतं. तेवढ्यानं छपाईत काही बिघडत नाही. पण तो आकडा बघून मी कारखान्यातल्या सवयीनं पाच मिनिटं थबकले होते.

दुसरी तारीख. फ्लॉपीवर प्रत्येक फायलीपाशी ती शेवटची साठवल्याची तारीख आणि वेळ असते, दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यानं. नवी फाईल केली की तिला आजची तारीख लागते, आणि १९९५ च्या मार्गशीर्षातली पत्रिका आजची होऊन बसते. म्हणून जुन्या फायलीची तारीख नव्या फायलीला चिकटवायची आणि शिवाय वहीत लिहायची. वही म्हणजे खरीच वही, दोनशे पानी. काकांच्या अक्षरात.

टिफनं वेगळं छळलं. तो १९८६ चा, आल्डस कंपनीचा. पानं मांडायचा पेजमेकर हा प्रोग्राम ज्यांचा त्यांचाच. टिफमध्ये शून्य म्हणजे काळा की शून्य म्हणजे पांढरा, हे फाईल स्वतः सांगते. सांगितलेलं न वाचता उघडणारे प्रोग्राम आहेत, आणि मग काळोखात पांढऱ्या रेघांचा गणपती येतो. तसे उलटे आले की मी सरळ करत चालले होते. अकराव्या फायलीला काकांनी थांबवलं. ती रिव्हर्सची होती. काळ्या पट्टीत पांढरी अक्षरं पाहिजेत म्हणून त्यांनी ती मुद्दाम तशी केली होती. त्यानंतर डोळ्यांवर विसंबणं सोडलं. प्रत्येक टिफची सुरुवात उघडून ती स्वतःबद्दल काय सांगते ते वाचलं, आणि तसंच ठेवलं.

बीएमपी थोड्याच होत्या, नंतरच्या, झाकणाचा स्कॅनर आल्यावरच्या, रंगीत. त्यांतल्या दोनांची सुरुवात खराब झाली होती, म्हणून मीच एक छोटा प्रोग्राम लिहून ठिपके काढले. महालक्ष्मी आली ती डोकं खाली, कपाळी निळं कुंकू आणि अंगानं तिरकी. तिन्हीला कारण आहे. बीएमपीत तळाची ओळ आधी लिहितात. रंग लाल-हिरवा-निळा असे नसून निळा-हिरवा-लाल असे असतात. आणि प्रत्येक ओळीचे बाइट चारच्या पटीत पाहिजेत. त्या चित्राची रुंदी ८०३ ठिपके, तिपटीनं २४०९ बाइट, चारच्या पटीसाठी शेवटी ३ फालतू बाइट. तीन बाइट म्हणजे नेमका एक ठिपका. तो न सोडल्यानं दर ओळीला चित्र एकेक ठिपका सरकत गेलं होतं. कारण सापडलं, तीन ओळी बदलल्या, आणि देवी उभी राहिली, कुंकू लाल. रात्रीचा एक वाजला होता. मी हात जोडले.

एक सांगते. त्याच फ्लॉप्यांवर काकांनी नंतर टाइप केलेला मजकूरही आहे, पानंच्या पानं. तो आज वाचता येत नाही. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे आकडे मिळण्याच्या, आधीचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवायचे. तो फॉन्ट नसला की पडद्यावर कंस, टक्के आणि इंग्रजी अक्षरांची गर्दी दिसते. खटपट करून काही पानं परत मिळतील. पण ज्यांना 'हे मजकूर नव्हे, नुसतं चित्र' म्हणून आपण कमी लेखतो, ते ठिपके तीस वर्षांनी 'आमंत्रण' असंच म्हणताहेत.

आणि याच ठिपक्यांनी पुढचं दाखवलं.

'बेळगांव'चा अनुस्वार परत आला का ते मला ठिपका-ठिपका बघायचं होतं. पीबीएम म्हणून एक साधा प्रकार आहे, जेफ पॉस्कान्झर यांनी १९८०च्या दशकात केलेला, चित्र ई-मेलमधून साध्या अक्षरांत पाठवता यावं म्हणून. त्यात काळा ठिपका म्हणजे १, पांढरा म्हणजे ०, आणि नोटपॅडमध्ये उघडून चित्र वाचता येतं. मी 'गां'च्या वरचा एवढासा तुकडा कापून तसा उघडला.

००००००
०१११००
०१११००
००१११०
००००००

नऊच्या नऊ होते. पण खालची ओळ एक ठिपका उजवीकडे सरकलेली. मला वाटलं, खिळा झिजलेला असेल. मग तीच ओळ डावी-उजवीकडे तपासत गेले, तर त्या ओळीपासून सगळीच अक्षरं एक ठिपका सरकलेली, आणि थोड्या ओळींनी परत जागेवर. खाली आणखी तीनशेच्या आसपास ओळी गेल्या की पुन्हा तसंच. दुसरी फाईल उघडली, त्यात तेच. गणपतीतही, सोंडेच्या वेलीपाशी. कधी २८० ओळींनी, कधी ३१०. शोधल्याशिवाय डोळ्यांना दिसत नाही, पण ९३ पासून ९७ पर्यंतच्या जवळजवळ सगळ्या चित्रांत ती उचकी आहे.

काकांना कागदावर मोठं करून दाखवलं. त्यांना अर्धा मिनिटही लागला नाही.

"खाली ट्रेडल चालू असायचं की गं. माडी लाकडाची. दर छापाला हाताला हिसका बसायचा."

माझ्या अंगावर काटा आला. मी लहानपणी त्या माडीवर अभ्यास केलाय. तो धक्का मला पायांत आठवतो. धडाड्, मग कागद उचलल्याची सळसळ, मग पुन्हा धडाड्. तो आवाज कुणी टेपवर घेतला नाही. मशीन २००१ साली भंगारात गेलं. आणि इथं, ठिपक्यांत, त्याच्या एकेका छापाची जागा लिहिलेली.

त्यानंतरच्या आठवड्यात मी उचक्या मोजायचं वेडच घेतलं. वहीत एक रकाना वाढला. काका शेजारी बसून विचारायचे, "ह्यात किती?" चार. पाच. चार. ज्या चित्रात पाच, ते घाईनं छापलेल्या दिवशीचं नव्हे, सावकाश ओढलेल्या हाताचं. हात हळू चालला की तेवढ्या उंचीत जास्त छाप बसतात. हे काकांनीच उलगडून सांगितलं.

मग एका फायलीत शून्य उचक्या आल्या. १९९६, मे महिना. पत्रिका, मराठी मजकूर, पत्ता येळ्ळूरचा. बाराशेच्या बाराशे ओळी सरळ. आणि डाव्या कडेला, मजकुराच्या बाहेर, एक काळा अर्धगोल, बोराएवढा, एका बाजूनं किंचित चपटा. मी पहिल्या खेपेला केलेल्या चित्रात तो नव्हता. 'कडेची मोकळी जागा छाटा' या खुणेत तो छाटला गेला होता.

काकांनी भिंग आधी मजकुरावर फिरवलं, वधूच्या वडिलांच्या नावावर थांबले, आणि मग त्या कडेवर आले.

"अंगठा हाय हा."

"कुणाचा?"

"आमच्या मशीनवाल्याचा. त्याच्याच लेकीचं लग्न हे. मशीन बंद करून वर आलता. म्हणाला, मालक, कागद मी धरतो, हलाय नको."

ते बराच वेळ भिंग तसंच धरून बसले. बाहेर गल्लीतून पावाची सायकल गेली.

"साबणानं घासून घासून हात धुतलेला त्यानं त्या दिवशी," काका म्हणाले. "लेकीच्या पत्रिकेला डाग नको म्हणून. आणि बघ, स्कॅनरनं काळाच काढलाय."